टेबलस्पेस: कोणता डेटा कोणत्या डिस्कवर ठेवायचा?

आजचा विषय ऐकायला थोडा रुक्ष आहे, पण डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला एक ना एक दिवस त्याच्यापाशी यावंच लागतं. विषय आहे टेबलस्पेस. डेटाबेसमधला कोणता डेटा प्रत्यक्षात कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरमध्ये बसणार, हे ठरवायची सोय म्हणजे टेबलस्पेस. उदाहरणं मी पोस्टग्रेसमधली घेणार आहे, कारण तो फुकट आहे आणि तुम्ही आज घरी बसून करून बघू शकता. ओरॅकल, मायएसक्यूएल वगैरे मंडळींबद्दल शेवटी थोडं बोलू.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करतो. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला. तसं बघितलं तर इंग्रजांच्या काळात वाशिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होताच, १९०५ मध्ये तो मोडला आणि वाशिम अकोल्याला जोडलं गेलं. आता गंमत बघा. या दोन्ही वेळेस रिसोड होतं तिथंच राहिलं, कारंजा होतं तिथंच राहिलं. एकाही शेताचा बांध हलला नाही. बदललं ते एवढंच, की कोणत्या गावाचं काम कोणत्या जिल्ह्याच्या नावाखाली चालणार.

टेबलस्पेसमध्ये बरोबर याच्या उलटं होतं. टेबलाचं नाव तेच, रकाने तेच, नोंदी त्याच, आणि जागा मात्र बदलते. क्वेरी लिहिणाऱ्याला याचा पत्तासुद्धा लागत नाही. त्याने 'सिलेक्ट स्टार फ्रॉम काटापट्टी' म्हटलं की उत्तर येतं. ते टेबल कालपर्यंत एका डिस्कवर होतं आणि आज दुसऱ्या डिस्कवर आहे, याच्याशी त्याला काही घेणं नाही. नाव आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं डोक्यात बसलं की अर्धा विषय समजला.

मग ही जागा म्हणजे नेमकं काय? पोस्टग्रेस टेबलातल्या नोंदी ८ किलोबाइटच्या पानांमध्ये लिहितो. ही पानं साध्या फाइलमध्ये असतात. फाइल १ जीबीची झाली की तो त्याच टेबलासाठी पुढची फाइल उघडतो. तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर या सगळ्या फाइली त्याच्या मुख्य डेटा फोल्डरमध्ये 'बेस' नावाच्या फोल्डरात जाऊन बसतात. या जागेला पोस्टग्रेसमध्ये 'पीजी_डिफॉल्ट' टेबलस्पेस म्हणतात. शिवाय 'पीजी_ग्लोबल' नावाची एक असते. तिच्यात युजर, डेटाबेसची यादी अशी सगळ्यांना सामाईक माहिती असते. तिला आपण हात लावायचा नाही. म्हणजे टेबलस्पेस तुम्ही कधी बनवली नसली तरी वापरत मात्र पहिल्या दिवसापासून आहात.

आता प्रश्न असा, की एवढं चांगलं आपोआप चाललंय तर दुसरी टेबलस्पेस कशाला पाहिजे? यासाठी एक उदाहरण घेऊ. उदाहरण मनातलं आहे, पण काम तुमच्या ओळखीचं आहे.

समजा तुम्ही बाजार समितीसाठी सॉफ्टवेअर बनवलं. ऑक्टोबर महिना, सोयाबीनचा सीझन. गेटवर गाडीची आवक लागते, मग हर्रास होतो, मग वजनकाटा, मग काटापट्टी, आणि शेवटी शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब. समजा गर्दीच्या दिवशी ५,००० नोंदी होतात. एक नोंद २०० बाइटची धरा. म्हणजे दिवसाचा डेटा झाला साधारण १ एमबी. इंडेक्स वगैरे धरून दोन-तीन एमबी म्हणा. हे काहीच नाही. असा डेटा वर्षानुवर्षं एका छोट्या डिस्कवर सुखाने नांदेल.

पण मग कोणीतरी म्हणतं, प्रत्येक काटापट्टीसोबत काट्याच्या आकड्याचा फोटोही ठेवा, उद्या वाद नको. मागणी रास्त आहे. शेतकऱ्याच्या बाजूनेही चांगली आहे. एक फोटो ३०० केबीचा धरा. ५,००० फोटो म्हणजे दिवसाला दीड जीबी. साठ दिवसांच्या सीझनमध्ये ९० जीबी. आणि तुमच्या सर्व्हरला डिस्क आहे १०० जीबीची. तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टीमही आहे, लॉगही आहेत आणि डेटाबेसही.

पुढे काय होणार, ते तुमच्या फोनने तुम्हाला आधीच शिकवलंय. ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी स्टोरेज भरतं, आणि ऐन लग्नात वरमाला पडताना कॅमेरा म्हणतो, जागा शिल्लक नाही. जागा खाल्ली एकाने, काम अडलं भलत्याचंच.

इथेही तेच. डिस्क भरली की पोस्टग्रेसला फाइल वाढवता येत नाही. नवीन नोंद टाकायला गेलं की एरर येतो, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. फोटोची नोंद तर अडतेच, पण त्याच डिस्कवरची काटापट्टीही अडते. काट्यावर गाड्यांची रांग लागते. रात्री तीन वाजता घरून निघालेला माणूस खिडकीशी येऊन विचारतो, "काऊन थांबलं बाप्पा? पट्टी कवा निघन?" आणि त्याला 'डिस्क फुल' हे उत्तर देऊन उपयोग नाही. त्याच्या मालाचं वजन झालेलं असतं आणि हातात कागद नसतो.

म्हणून टेबलस्पेसचं पहिलं कारण वेग नव्हे. पहिलं कारण आहे अडवणूक टाळणं. जो डेटा बेसुमार वाढतो, त्याने ज्या डेटावर रोजचं काम चालतं त्याचा गळा धरू नये. फोटो वेगळ्या डिस्कवर गेले आणि ती डिस्क भरली, तर फोटोंची नोंद थांबेल. काटापट्टी निघत राहील. अर्थात तुमचं सॉफ्टवेअरही तसं लिहिलेलं पाहिजे. फोटो आणि काटापट्टी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधली असेल, तर फोटो अडला की पट्टीही अडणार. तिथे टेबलस्पेस काही करू शकत नाही.

आता मांडणी कशी करायची ते बघू. पाच पायऱ्या आहेत.

पहिली पायरी, खरोखरची दुसरी डिस्क. हे मुद्दाम सांगतो. एकाच डिस्कवर दोन फोल्डर करून दोन टेबलस्पेस बनवल्या, तर कागदावर छान दिसतं, पण जागा एकच. भरली की दोन्ही भरल्या. निदान वेगळं पार्टिशन किंवा वेगळा क्लाउड व्हॉल्यूम पाहिजे. पोस्टग्रेसमध्ये टेबलस्पेसला कोटा लावता येत नाही. 'या जागेने ५० जीबीच्या वर जायचं नाही' असं त्याला सांगायची सोयच नाही. हद्द आखायची ती डिस्कच्या किंवा फाइलसिस्टीमच्या पातळीवर.

दुसरी पायरी, डिस्क माउंट करणं. समजा ती 'डेटा२' या ठिकाणी लावली. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर ती आपोआप माउंट होईल अशी नोंद 'एफएसटॅब' फाइलमध्ये करून ठेवा. आता टेबलस्पेस थेट 'डेटा२' वर करायची नाही. तिच्या आत एक फोल्डर करा, 'पीजी_फोटो' म्हणा. तो रिकामा पाहिजे, आणि त्याचा मालक 'पोस्टग्रेस' हा सिस्टीम युजर पाहिजे. आतला फोल्डर कशासाठी? उद्या रीस्टार्टनंतर डिस्क माउंट झालीच नाही, तर 'डेटा२' हा नुसता रिकामा फोल्डर मुख्य डिस्कवर दिसेल. त्यात 'पीजी_फोटो' नसेल, म्हणून गडबड लगेच एररमध्ये कळेल. चुकीच्या डिस्कवर गुपचूप लिहिणं होणार नाही. आणखी एक, हा फोल्डर पोस्टग्रेसच्या मुख्य डेटा फोल्डरच्या पोटात ठेवायचा नाही.

तिसरी पायरी, कमांड. डेटाबेसमध्ये सुपरयुजर म्हणून जायचं आणि लिहायचं: 'क्रिएट टेबलस्पेस फोटो_जागा लोकेशन' आणि पुढे कोट्समध्ये त्या फोल्डरचा पूर्ण पाथ. अर्धवट पाथ चालत नाही. ही कमांड ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. कमांड चालल्यावर पोस्टग्रेस काय करतो? त्याच्या मुख्य डेटा फोल्डरात 'पीजी_टीबीएलएसपीसी' नावाचा एक फोल्डर असतो. त्यात तो तुमच्या नव्या जागेकडे बोट दाखवणारी एक सिमलिंक टाकतो. बस, एवढंच. आतमध्ये मोठी जादू वगैरे नाही, पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी आहे.

चौथी पायरी, परवानगी. तुमचं सॉफ्टवेअर सुपरयुजर म्हणून चालत नसावं, अशी आशा आहे. तर त्या साध्या युजरला 'ग्रँट क्रिएट ऑन टेबलस्पेस' देऊन या जागेत टेबल करायचा हक्क द्यायचा.

पाचवी पायरी, वापर. नवीन टेबल करताना शेवटी 'टेबलस्पेस फोटो_जागा' एवढं जोडायचं. झालं. काटापट्टीचं टेबल जुन्या जागेत, फोटोचं नव्या जागेत. दोघांमध्ये फॉरेन की लागते, जॉइन होतो, सगळं नेहमीसारखं चालतं.

आता ज्यांचं टेबल आधीच भरलेलं आहे, त्यांच्यासाठी 'ऑल्टर टेबल, सेट टेबलस्पेस'. इथे सावकाश. ही कमांड त्या टेबलाच्या सगळ्या फाइली नव्या जागी कॉपी करते, आणि तेवढा वेळ टेबलाला पक्कं कुलूप असतं. लिहिता येत नाही, वाचताही येत नाही. ८० जीबीचं टेबल भर बाजाराच्या दिवशी हलवायला घेतलं तर रांग तुम्हीच लावली म्हणून समजा. बाजार बंद असतो त्या दिवशी रात्री करा. दुसरं, टेबल हललं म्हणजे त्याचे इंडेक्स हलले असं नाही. ते जुन्या जागीच राहतात, त्यांना वेगळं 'ऑल्टर इंडेक्स' करून न्यावं लागतं. आवृत्ती १४ पासून 'रीइंडेक्स कॉन्करंटली' करतानाही नवी टेबलस्पेस देता येते, त्यात टेबलाचं काम चालू राहतं.

आणखी एक उपयोग सांगतो, मला तो फार व्यवहारी वाटतो. जुने सीझन. चालू सीझनच्या नोंदी दिवसातून हजार वेळा लागतात, चार वर्षांपूर्वीच्या कधीमधी ऑडिटला. मग आवकेच्या टेबलाचं वर्षानुसार पार्टिशन करायचं. चालू वर्षाचं पार्टिशन वेगवान एसएसडीवर आणि जुनी वर्षं स्वस्त, मोठ्या, संथ डिस्कवरच्या टेबलस्पेसमध्ये. घरातही रोजचा तांब्या हाताशी असतो आणि लग्नातली पातेली माळ्यावर. मूळ टेबलावर टेबलस्पेस सांगितली, तर ती पुढे होणाऱ्या पार्टिशनना लागते. आधीची पार्टिशन आहेत तिथेच राहतात, ती एकेक करून हलवायची.

आता दोन सेटिंग्ज. पहिलं 'टेम्प_टेबलस्पेसेस'. कोणीतरी भर दुपारी पाच वर्षांचा रिपोर्ट काढतो. त्यात मोठं सॉर्टिंग असतं, मेमरीत मावत नाही, म्हणून पोस्टग्रेस डिस्कवर तात्पुरत्या फाइली करतो. या फाइली मुख्य डिस्क भरू शकतात. रिपोर्ट संपला की त्या पुसल्या जातात, पण तोपर्यंत काटा अडलेला असतो. म्हणून तात्पुरत्या फाइलींसाठी वेगळी टेबलस्पेस द्या. आणि 'टेम्प_फाइल_लिमिट' या सेटिंगने एका प्रोसेसने किती तात्पुरती जागा खावी, यालाही लगाम घाला. मुळात त्याला लगाम नसतो.

दुसरं, 'रँडम_पेज_कॉस्ट'. तुम्ही टेबल एसएसडीवर नेलं, हे पोस्टग्रेसच्या प्लॅनरला माहीत नसतं. तो मूळ ४ हा आकडाच धरून चालतो. म्हणजे डिस्कवर इकडेतिकडे उड्या मारत वाचणं हे सलग वाचण्यापेक्षा चौपट महाग आहे, असा त्याचा हिशोब. एसएसडीवर बरेच लोक हा आकडा १.१ च्या आसपास ठेवतात. चांगली गोष्ट ही, की 'ऑल्टर टेबलस्पेस' वापरून हा आकडा त्या एका जागेपुरता बदलता येतो. संथ डिस्कचा हिशोब वेगळा, वेगवान डिस्कचा वेगळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टेबलस्पेस काय नाही, ते.

टेबलस्पेस हा बॅकअप नाही. डेटा दोन डिस्कवर आहे म्हणजे त्याच्या दोन प्रती आहेत असं नाही. अर्धा इथे, अर्धा तिथे, प्रत एकच. उलट आता दोन डिस्क सांभाळायच्या आहेत.

टेबलस्पेस म्हणजे उचलून नेण्याची पेनड्राइव्हही नाही. तो फोल्डर कॉपी करून दुसऱ्या सर्व्हरवर लावू, असं चालत नाही. त्यातल्या फाइली कोणत्या टेबलाच्या, ही माहिती मुख्य डेटा फोल्डरात असते. फोनमध्ये काही ॲप एसडी कार्डवर हलवता येतात. कार्ड काढलं की ॲप उघडत नाही, आणि ते कार्ड मित्राच्या फोनमध्ये घातलं तरी तिथेही चालत नाही. तसंच हे. त्याहून गंभीर असं, की एक टेबलस्पेस हरवली किंवा फाइली बिघडल्या, तर अख्खा डेटाबेस सर्व्हर सुरू व्हायला नकार देऊ शकतो. म्हणून टेबलस्पेस रॅममधल्या तात्पुरत्या डिस्कवर ठेवायची नाही. पोस्टग्रेसचे स्वतःचे डॉक्सही याबद्दल स्पष्ट इशारा देतात.

आणि टेबलस्पेसने 'वॉल'चा प्रश्न सुटत नाही. वॉल म्हणजे राइट अहेड लॉग. प्रत्येक बदल आधी या रोजकीर्दीत लिहिला जातो, मग टेबलात. टेबल कोणत्याही जागेत असो, रोजकीर्द एकच, 'पीजी_वॉल' फोल्डरात. तुमचे फोटोही आधी इथूनच जातात. मोठं टेबल हलवताना हीसुद्धा फुगते. डेटाची डिस्क भरली तर नवीन लिहिणं अडतं. पण वॉलची डिस्क भरली तर सर्व्हरच बंद पडू शकतो. म्हणून वॉलला स्वतंत्र डिस्क देणं हे बऱ्याचदा नव्या टेबलस्पेसपेक्षा जास्त गरजेचं असतं. आणि जागा मोकळी करायची म्हणून त्या फोल्डरातल्या फाइली हाताने पुसायच्या नाहीत. कधीच नाही. ती रोजकीर्द फाडली तर हिशोब कशावरून जुळवणार?

बॅकअप घेतानाही लक्ष द्या. 'पीजी_बेसबॅकअप' सगळ्या टेबलस्पेस घेतो, पण साध्या फॉरमॅटमध्ये त्याच मशीनवर बॅकअप घेत असाल तर 'टेबलस्पेस मॅपिंग'चा पर्याय देऊन नवा पाथ सांगावा लागतो. स्टँडबाय सर्व्हर असेल, तर नवीन टेबलस्पेस करण्याच्या आधी तिथेही तोच पाथ तयार पाहिजे. या बाजूला फोल्डर केला आणि त्या बाजूला विसरला, तर रेप्लिकेशन तिथेच अडतं.

आता इतरांबद्दल थोडक्यात. ओरॅकलमध्ये टेबलस्पेस म्हणजे एक किंवा जास्त डेटाफाइलींचा गट. तिथे 'ऑटोएक्स्टेंड' आणि 'मॅक्ससाइझ' सांगता येतं, आणि युजरला कोटाही लावता येतो. म्हणजे पोस्टग्रेसमध्ये नसलेली हद्द तिथे आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये याच कल्पनेचं नाव आहे 'फाइलग्रुप'. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये आवृत्ती ५.६ पासून मुळातच प्रत्येक टेबलाची वेगळी फाइल होते. शब्द एकच असला तरी नियम वेगळे, म्हणून एकाची कमांड पाठ करून दुसऱ्याकडे जाऊ नका.

मग तुम्हाला टेबलस्पेस पाहिजे का? स्वतःला तीन प्रश्न विचारा. माझ्याकडे खरोखर दुसरी डिस्क आहे का? मी नेमकं कोणाला कोणापासून वाचवतोय? आणि माझा बॅकअप दोन्ही जागा धरतो का? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर सध्या सोडून द्या. छोट्या कामाला एक डिस्क आणि तिच्यावर नीट नजर, एवढं पुरतं. आपल्या उदाहरणातले फोटोसुद्धा डेटाबेसच्या बाहेर साध्या फाइलस्टोअरमध्ये ठेवून टेबलात नुसता पाथ ठेवला, तर अनेकदा तोच सोपा मार्ग ठरतो. मात्र मग त्या फोटोंचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो, तो डेटाबेसच्या बॅकअपमध्ये येत नाही.

नजर कशी ठेवायची? 'पीएसक्यूएल'मध्ये 'बॅकस्लॅश डीबी प्लस' टाइप करा, प्रत्येक टेबलस्पेसचा पाथ आणि साइझ दिसते. डिस्कवर किती जागा उरली हे मात्र पोस्टग्रेस सांगत नाही, ते लिनक्सच्या 'डीएफ' कमांडला विचारायचं. डिस्क ८० टक्के भरली की मेसेज यावा, अशी एक छोटी स्क्रिप्ट लावून ठेवा. आणि ती सीझनच्या आधी लावा. सोयाबीन गेटवर आल्यावर कोणाला वेळ नसतो.

लॅपटॉप नसलेल्यांसाठी, अँड्रॉइड फोनवर टर्मक्स ॲपमध्ये पोस्टग्रेस बसतो. तिथे टर्मक्सच्याच होम फोल्डरात एक रिकामा फोल्डर करा. फोनच्या कॉमन स्टोरेजमध्ये नको, तिथले मालकीहक्काचे नियम वेगळे असतात. टेबलस्पेस बनवा, तिच्यात एक टेबल करा, हजारेक नोंदी टाका, मग 'ऑल्टर टेबल'ने ते टेबल परत 'पीजी_डिफॉल्ट'मध्ये आणा. शेवटी 'ड्रॉप टेबलस्पेस' करून बघा. आत काही उरलं असेल तर पोस्टग्रेस ती पुसू देत नाही. काय उरलं ते शोधा. टेबलावरचा इंडेक्सही याच टेबलस्पेसचं नाव देऊन केला असेल, तर उत्तर मघाशी सांगूनच झालंय.

पुढच्या भागात बॅकअप घेण्यापेक्षा अवघड गोष्टीवर बोलू, घेतलेला बॅकअप परत उभा राहतो का यावर. तोपर्यंत राम राम!